रोहिणी लागण्याआधी चेनसॉची धार बघा. दात निळा पडू देऊ नका

वळवाचे वारे सुटले आहे. 25 मेला रोहिणी, पंधरवड्याने मृग. रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात याच दिवसांत केळी आडवी होते, बांधावरचा निंब नाहीतर बाभूळ उन्मळून बागेत पडते आणि चेनसॉसाठी, म्हणजे लाकूड कापणाऱ्या साखळी-करवतीसाठी, गावभर धावपळ सुरू होते. मशीन मिळते, पण चेनला धार नसते. मग ती चेन वेल्डिंगच्या दुकानात जाते. तिथल्या जाड दगडावर दाबून घासली की दात निळे पडतात. मी म्हणतो, ‘अहो, दात जळाला.’ उत्तर ठरलेले : ‘काही व्हत नही, भाऊ.’

होते. दाताच्या पोलादाला पाणी दिलेले असते, म्हणजे तापवून-विझवून ते कडक केलेले असते. दाबून धरला की टोकाची पातळ कड क्षणात तापते, 300 अंशांच्या आसपास निळी पडते आणि पाणी उतरते. वरून धार चकचकीत दिसते, पण दहा मिनिटांत बसते. कधी उलटेही होते : जळालेला पापुद्रा काचेसारखा कडक होतो आणि त्यावर कानस नुसती घसरते. दोन्ही वेळा निळा भाग संपेपर्यंत दात घासून मागे घ्यावा लागतो, म्हणजे चेनचे निम्मे आयुष्य गेले.

चेन गेली तर पैशांत भरून निघेल, झाड नाही. गिरणाकाठच्या एका भाऊंनी वादळानंतर कागदी लिंबाच्या मोडलेल्या फांद्या अशाच चेनने काढल्या. मी काप पाहिले होते : कडेची साल दोन-दोन बोटे सोललेली, लाकूड पिंजलेले आणि खाली कीस नाही, पिठासारखा भुसा. पावसाळाभर त्या जखमांत पाणी मुरले. दिवाळीला डिंक ओघळत होता आणि फांद्या शेंड्याकडून खाली वाळत आल्या होत्या. आठ वर्षांची झाडे होती.

म्हणून गावात चार-पाच जणांनी मिळून एक चेन ग्राइंडर घ्यावा. साधा सहा इंची बेंच ग्राइंडर यासाठी नाही. त्याचा दगड वीसेक मिलिमीटर जाड असतो, दाताच्या पोटात शिरतच नाही. चेन ग्राइंडरला पातळ व्हील (घासणारा गोल दगड), चेन धरणारा चिमटा आणि अंशांची खूण असलेली पट्टी असते. बाजारात दोन आकार दिसतात. लहान यंत्राचे व्हील शंभर-एकशे आठ मिलिमीटरचे, फेरे मिनिटाला पाच हजारांच्या घरात. मोठ्याचे 145 मिलिमीटर, फेरे 2800च्या आसपास. मोठ्यात कडेचा वेग कमी पडतो, दात सावकाश तापतो. परवडत असेल तर मोठेच घ्या. दुकानातच यंत्राचे व्हीलचे डोके धरून आडवे हलवून बघा. लटपटले तर डाव्या-उजव्या बाजूचे दात लहान-मोठे होतील आणि मशीन एका अंगाला ओढत कापेल.

व्हीलची जाडी चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या अंतरावर, ठरते. 0.325 इंच आणि 3/8 लो प्रोफाइलला (बुटक्या दाताच्या चेनला) 3.2 मिलिमीटर, पूर्ण 3/8 आणि 0.404 ला 4.8. आपल्याकडच्या 58 सीसी मशीनला बहुधा 0.325च असते, तरी बारवरचा (चेन फिरते त्या पट्टीवरचा) आकडा वाचूनच मागा. रेकर, म्हणजे काप किती खोल जाईल ते ठरवणारा दातापुढचा बुटका खुंट, घासायला 6 मिलिमीटरचे वेगळे व्हील लागते. कानस असेल तर ते नको.

प्रकार सांगा : ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, पांढरे किंवा गुलाबी, मऊ बांधणीचे. मऊ व्हील झिजते, पण झिजताना नवे कण उघडे पडतात आणि दात थंड राहतो. हिरवे व्हील कार्बाइडच्या (अतिकडक धातूच्या) टिपा बसवलेल्या दातांसाठी असते, ते घेऊ नका. दुकानदार ‘डायमंड’ पुढे करील, कारण त्यात त्याला सुटते जास्त. साध्या पोलादी चेनला हिरा चालत नाही. तापलेल्या लोखंडावर तो लवकर झिजतो. सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) व्हील मात्र खरेच थंड चालते आणि आकार सोडत नाही. पण वर्षाला दोन-चार चेन घासणाऱ्याने तेवढे पैसे घालू नयेत.

आता हात कसा चालवायचा. टेकवा, उचला. दाताला सेकंदभर, त्याहून जास्त नाही. एका फेरीत धार आणायचा हट्ट नको. सगळ्या दातांवरून एकदा फिरा, पुन्हा या. तोवर पहिला दात निवतो. सर्वांत आखूड दात आधी शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा. व्हील चकाकू लागले की ड्रेसिंगच्या दगडाने (व्हील खरवडायच्या दगडाने) तोंड उघडा. ते न करण्याच्या आळसानेच बहुतेक दात जळतात. धारेचा कोन साधारणपणे 30 अंश सांगतात, पण बाभूळ आणि अंजनावर 25 अंशांची धार जास्त टिकते, असा माझा अंदाज आहे. रेकर दाताच्या खाली 0.65 मिलिमीटर.

बाकीची कामे :
– चेन आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा. तेलकट चेनने व्हील भरते.
– नवे व्हील बोटावर लटकवून लाकडी मुठीने टिचकी मारा. खणखणीत वाजले तर बसवा, बद्द वाजले तर फेका.
– व्हीलवरचा कमाल फेऱ्यांचा आकडा यंत्रापेक्षा जास्त हवा.
– व्हीलच्या दोन्ही बाजूंचे पुठ्ठे काढू नका, नट आवळून तोडू नका.
– सुरू करून मिनिटभर बाजूला उभे राहा. चष्मा सक्तीचा.
– आंबा, चिंच, मोह, साग, अंजन तोडायला परवानगी लागते.

कापल्याच्या दिवशीच जखमेला बोर्डो पेस्ट लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. स्वच्छ विळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा. महागडी तयार पेस्ट कोणी गळ्यात मारील, तिची गरज नाही. सोललेली साल आधी धारदार चाकूने गोल करून घ्या, नाहीतर पेस्टखालीच पाणी साचते.

आणि दोन चेन आजच घासून तेलात बुडवून ठेवा. वादळानंतर वीज दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा ग्राइंडर नुसता बघत बसावा लागतो.