कर खंडपीठाकडे लॉ क्लर्क म्हणून रुजू होणाऱ्यांसाठी

मुंबई उच्च न्यायालयात आयकराची अपिलं आणि रिट याचिका (अधिकाऱ्याच्या कृतीला थेट उच्च न्यायालयात दिलेलं आव्हान) ऐकणाऱ्या खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींकडे मी लॉ क्लर्क होते. या पदाला कुठे संशोधन सहायक म्हणतात, काम तेच: न्यायमूर्तींसाठी प्रकरण वाचून टिपण, म्हणजे नोट, तयार करणं. नव्याने येणारी मुलं-मुली बहुतेक एकच विचारतात: आयकर किती यायला हवा? माझं उत्तर असं की अख्खा कायदा पाठ असलेला माणूस चेंबरला, म्हणजे न्यायमूर्तींच्या कार्यालयाला, नको असतो. समोरच्या प्रकरणाला त्या वर्षी नेमका कोणता कायदा लागू होता, हे खात्रीने सांगणारा हवा असतो. निकाल शोधणं त्यानंतर.

आयकर दरवर्षीच्या वित्त अधिनियमाने बदलतो. कुठे परंतुक (कलमाला जोडलेली अट किंवा अपवाद) येतं, कुठे स्पष्टीकरण जोडलं जातं, कधी पूर्वलक्षी दुरुस्ती होते. उच्च न्यायालयात सुनावणीला येणारं प्रकरण मात्र कितीतरी वर्षांपूर्वीचं असतं. करीमथारुवी टी इस्टेटच्या १९६६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम स्पष्ट केला आहे: करनिर्धारण वर्षाच्या (ज्या वर्षी आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावरचा कर ठरतो त्याच्या) १ एप्रिलला जो कायदा अमलात असेल, तोच त्या वर्षाला लागू. त्यामुळे आजचं बेअर अ‍ॅक्ट (कायद्याच्या निव्वळ कलमांचं पुस्तक) उघडून वाचलेलं कलम त्या करदात्याचं कलम असेलच असं नाही. जुन्या वर्षांची बेअर अ‍ॅक्ट कपाटात दिसली तर ती रद्दी समजू नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि त्यात करनिर्धारण वर्षाऐवजी ‘कर वर्ष’ ही नवी कल्पना आली आहे. तरी त्याआधीच्या वर्षांचे वाद १९६१ च्या कायद्यानेच चालायचे आहेत. म्हणजे तुमच्या पिढीला दोन्ही कायदे हाताशी ठेवावे लागतील.

एक उदाहरण जवळून बघू. कंपनीने कामगारांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचा हप्ता कापला, पण त्या निधीच्या कायद्यातली मुदत टळल्यावर भरला. मात्र आयकर विवरणपत्र भरण्याच्या मुदतीआधी भरला. वजावट मिळेल का? शोध घेतला की लगेच घाटगे पाटील ट्रान्सपोर्ट्सचा २०१४ चा निकाल मिळतो. आपल्याच उच्च न्यायालयाचा, करदात्याच्या बाजूचा. नवखा माणूस इथे थांबतो. पण १२ ऑक्टोबर २०२२ रोजी चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितलं: कामगाराच्या वाट्याची रक्कम हा मालकाकडे विश्वासाने ठेवलेला पैसा आहे, त्याला कलम ३६(१)(व्हीए) मधली मुदतच लागू, ४३बी ची सवलत (विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरलं तरी चालतं, ही) नाही. आता तिसरी पायरी. २०२१ च्या वित्त अधिनियमाने याच कलमांत स्पष्टीकरणं घातली होती. मग प्रकरण २०२१ च्या आधीच्या वर्षाचं असेल तर? चेकमेटमधली वर्षंही दुरुस्तीआधीचीच होती, आणि न्यायालयाने मूळ कलमाचाच अर्थ लावला, म्हणून आधीच्या वर्षांनाही तोच लागू. एवढं सगळं नोटमध्ये चार ओळींत आलं, तर न्यायमूर्तींना वकिलाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते कळतं.

अपिलांबाबत कलम २६०अ अक्षरशः तोंडपाठ हवं. उच्च न्यायालय पुन्हा हिशेब तपासायला बसत नाही. वस्तुस्थितीबद्दल आयकर अपिलीय न्यायाधिकरणाचा (ट्रिब्युनलचा) शब्द अखेरचा, आणि अपील दाखल करून घ्यायला कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. अपिलात प्रश्न नेहमीच्या साच्यात लिहिलेला असतो: ‘प्रकरणाची वस्तुस्थिती आणि कायदा पाहता ट्रिब्युनलने अमुक अ‍ॅडिशन (अधिकाऱ्याने उत्पन्नात धरलेली वाढ) रद्द केली ते योग्य होतं का?’ या वाक्यात काहीही बसतं. तुम्ही ते सोलून बघायचं. आत कलमाच्या अर्थाचा वाद आहे, की फक्त बिलं खरी की खोटी एवढाच? दुसरं असेल, तर ट्रिब्युनलचा निष्कर्ष विपर्यस्त, म्हणजे पुराव्याशी पूर्ण विसंगत, आहे असा मुद्दा घेतलाय का तेही पाहा. ट्रिब्युनलच्या आदेशात आधी खालचे आदेश आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं पानंच्या पानं उतरवलेलं असतं, खरा निष्कर्ष बरेचदा शेवटच्या दीड-दोन पानांत सापडतो. मी तिथूनच वाचायला सुरुवात करायचे.

तारखा स्वतः मोजा. ट्रिब्युनलचा आदेश हाती पडल्यापासून अपिलाला १२० दिवस. उशीर माफ होऊ शकतो, पण अर्ज हवा. अपील आयकर खात्याचं असेल तर कराची रक्कमही बघा; ठरावीक मर्यादेखाली खात्याने अपील करायचं नसतं. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने उच्च न्यायालयासाठी ही मर्यादा दोन कोटी रुपये केली. त्याला अपवाद आहेत, ते वाचल्याशिवाय शेरा लिहू नका.

रिट याचिकांमध्ये कलम १४८ च्या, म्हणजे जुनं करनिर्धारण पुन्हा उघडण्याच्या, नोटिसा फार. तिथे कलम जितकं महत्त्वाचं, तितकेच कागद. मुदत संपली होती का, मंजुरी योग्य दर्जाच्या अधिकाऱ्याने दिली का, करदात्याचं उत्तर विचारात घेतलं का. मंजुरीचा कागद पेपरबुकात (याचिकेसोबतच्या कागदांच्या गठ्ठ्यात) शोधून काढा आणि स्वतः वाचा. अधिकाऱ्याने कारणांचा विचार केल्याचं त्यात दिसतं, की नुसता एका शब्दाचा शेरा आणि खाली सही, यावर आख्खी याचिका फिरू शकते.

निकाल वाचताना हेडनोटवर, म्हणजे वरच्या सारांशावर, विसंबू नका. ती प्रकाशकाने तयार केलेली असते, न्यायालयाने नव्हे. ‘एसएलपी (सर्वोच्च न्यायालयातली विशेष अनुमती याचिका) फेटाळली’ असं लिहिलेलं दिसलं की हायसं वाटतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्याच कुन्हयम्मेद निकालाप्रमाणे कारणं न देता फेटाळलेली एसएलपी म्हणजे खालच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब नव्हे. हा फरक नोटमध्ये लिहा. प्रत्येक साइटेशन (निकालाचा संदर्भ) मूळ निकाल उघडून तपासा, मग ते ज्येष्ठ वकिलांनी दिलेल्या निकालांच्या संचातलं (कम्पायलेशनमधलं) का असेना. ऑक्टोबर २०२५ मध्ये केएमजी वायर्सच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने करनिर्धारणाचा आदेश रद्द केला. अस्तित्वातच नसलेल्या निकालांचा त्यात आधार घेतला होता. एआयच्या साधनाने शोध सुरू करायला हरकत नाही, पण ते जे सांगेल ते मूळ रिपोर्टमध्ये डोळ्यांनी पाहिल्याखेरीज नोटमध्ये घ्यायचं नाही.

नोट छोटी ठेवा. बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, बरीच मॅटर्स असतात, एकेकाला मिनिटंच मिळतात. वस्तुस्थिती अर्ध्या पानात, मग त्या वर्षीचं कलम जसंच्या तसं, मग दोन्ही बाजूंचा सर्वांत भक्कम निकाल, परिच्छेद क्रमांकासह. स्वतःचं मत विचारलं तरच, आणि तेव्हा मोकळेपणाने. आमचे न्यायमूर्ती मत विचारायचे आणि मग मुद्दाम उलट बाजू मांडायला सांगायचे. त्या अर्ध्या तासात मी जितकी शिकले तितकी वर्गात कधीच शिकले नाही.

वाणिज्य शाखेची पदवी नसली तरी चालतं. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक मात्र वाचता आलं पाहिजे; घसारा आणि तरतूद यांतला फरक कळत नसेल, तर रुजू व्हायच्या आधी ओळखीच्या सीएकडे चार संध्याकाळी बसा.

आणि गुप्तता. कोर्टाच्या व्हरांड्यात ओळखीचे वकील सहज विचारतात, ‘ऑर्डर झाली का?’ हसून ‘वेबसाइटवर येईल’ एवढंच सांगायचं. मसुद्यातलं एक अक्षरही चेंबरबाहेर जात नाही, घरच्यांपर्यंतही नाही, कोणत्या ऑनलाइन साधनातही नाही. नेमणूक संपून तुम्ही स्वतःची वकिली सुरू केलीत तरी हे बंधन सुटत नाही.