.४५ चं पिस्तूल घ्यायचंय: १९११ की ग्लॉक २१?

अमेरिकेत .४५ एसीपी काडतुसाचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घ्यायचं ठरलं की बहुतेकांची गाडी दोन नावांवर येऊन अडते. एक जॉन ब्राउनिंगने घडवलेलं १९११, जे अमेरिकी लष्कराने मार्च १९११ मध्ये स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून वापरलं. दुसरं ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचं, १९९० च्या सुमारास आलेलं ग्लॉक २१. दोन्हींतून तीच गोळी सुटते: नेहमीची २३० ग्रेनची, म्हणजे जेमतेम १५ ग्रॅमची, सेकंदाला साधारण २५५ मीटर वेगाने. १९११ ची नळी ५ इंच, ग्लॉकची ४.६ इंच, त्यामुळे वेगात पडणारा फरक किरकोळ आहे. म्हणून 'जास्त ताकदीचं कुठलं' हा प्रश्न सोडूनच द्या. निवड ठरते ती तुमच्या पंजाच्या मापावर, ट्रिगरच्या जातीवर आणि निगा राखायची तुमची किती तयारी आहे यावर.

आधी कायदा, कारण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच निकालात निघतो. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेचा फेडरल कायदा बंदूक किंवा काडतुसं विकत घ्यायलाच नव्हे, जवळ बाळगायलाही मनाई करतो. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका, वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल, वय २१ पूर्ण असेल, तर परवानाधारक दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून पार्श्वभूमी तपासणी होते. त्यात खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय राज्याराज्यांत फरक आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स इथे मॅगझिनवर (काडतुसांच्या डबीवर) १० गोळ्यांची मर्यादा आहे, आणि कॅलिफोर्नियात राज्याच्या यादीतलीच पिस्तुलं दुकानातून मिळतात. ग्लॉक २१ चा मोठा फायदा म्हणजे १३ गोळ्यांचं मॅगझिन. या राज्यांत तो आपोआप कमी होतो आणि १९११ च्या ८ विरुद्ध १० एवढाच फरक उरतो.

पंजाचं माप

दुकानात पिस्तूल हातात आलं की पहिलं काम ते रिकामं असल्याची खात्री. मॅगझिन आधी काढायचं, मगच स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून अडकवायची. क्रम उलटा झाला तर चेंबरमधली (नळीच्या मागच्या खोबणीतली) गोळी बाहेर पडते, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत ढकलते, आणि रिकामं समजलेलं पिस्तूल भरलेलं असतं. चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळीचं टोक घालूनही चाचपा. दुकानदाराने आत्ताच तपासून दिलं असलं तरी हे करायचंच. ट्रिगर दाबून बघण्याआधी दुकानदाराची परवानगी घ्या आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा.

आता मूठ धरा. अंगठा आणि तर्जनीमधली खाच मुठीच्या मागच्या बाजूला जमेल तितकी वर बसवा, आणि नळीची रेघ कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या रेषेत आणा. पकड तशीच ठेवून तर्जनी ट्रिगरवर न्या. पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरच्या मधोमध आरामात बसला तर माप जुळलं. तिथवर पोचायला पिस्तूल हातात फिरवावं लागत असेल, तर झटका तळव्याऐवजी अंगठ्याच्या मुळावर येतो, प्रत्येक गोळीनंतर पकड सुटते आणि नेम बाजूला जातो. हा दोष सरावाने जात नाही.

इथेच पुष्कळांचा अंदाज चुकतो. १९११ दिसायला भारदस्त आणि वजनाने जड, म्हणून ते मोठ्या हातासाठी असा समज आहे. खरं तर त्याच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक सरळ रांगेत असतात, त्यामुळे मूठ सडपातळ असते. वर पातळ ग्रिप पॅनेल लावता येतात आणि आखूड ट्रिगर बसवता येतो. ग्लॉक २१ मध्ये काडतुसं दोन रांगांत एकमेकांत सरकवलेली, म्हणून मूठ मागून पुढे चांगलीच जाड. चौथ्या पिढीपासून मुठीची पाठ बदलता येते, पण लावायच्या पट्ट्या २ आणि ४ मिलिमीटरने माप वाढवणाऱ्याच असतात. पट्टी न लावताही बोट पुरत नसेल, तर कमी करायला काही उरत नाही. लहान पंजाच्या माणसाने, आणि नवरा-बायको दोघंही वापरणार असतील तर ज्याचा हात लहान त्याने, ही चाचणी आधी करावी.

१९११ घेताना आणखी एक गोष्ट तपासा. मुठीच्या पाठीला एक ग्रिप सेफ्टी असते, ती तळव्याने दाबली गेल्याशिवाय गोळी सुटत नाही. अंगठा थम्ब सेफ्टीवर (बाजूच्या, अंगठ्याने लावायच्या कळीवर) उंच ठेवण्याची आजची पद्धत वापरली, की काहींचा तळवा मध्ये खोलगट होतो आणि ही सेफ्टी पुरती दबत नाही. रिकाम्या पिस्तुलावर पटापट दहा वेळा पकड घेऊन ट्रिगर ओढा, दर वेळी हॅमर (मागची हातोडी) ताणून. एकदा जरी हॅमर पडला नाही, तर ग्रिप सेफ्टीच्या तळाशी उंचवटा असलेलं मॉडेल बघा. डावखुरे असाल तर दोन्ही बाजूंना थम्ब सेफ्टी असलेलंच घ्या. ग्लॉकमध्ये चौथ्या पिढीपासून मॅगझिन सोडायचं बटण बाजू बदलून लावता येतं.

ट्रिगर आणि सेफ्टी

१९११ चा ट्रिगर बिजागरीवर फिरत नाही, सरळ मागे सरकतो. चांगल्या पिस्तुलात ४ ते ५ पौंडांवर तो काच तडकल्यासारखा स्वच्छ सुटतो आणि किंचित पुढे सोडला की पुन्हा तयार होतो. निशाणेबाजीत शंभरहून जास्त वर्षं हे पिस्तूल टिकलं त्याचं मुख्य कारण हेच. मात्र ते सिंगल अॅक्शन आहे: हॅमर आधी ताणलेला असावा लागतो. बाळगायचं ते हॅमर ताणून आणि थम्ब सेफ्टी लावून. म्हणजे गरजेच्या क्षणी अंगठ्याने सेफ्टी खाली करणं हे हाताच्या अंगवळणी पडलेलं असलं पाहिजे, आणि ते दर आठवड्याला रिकाम्या पिस्तुलाने केलेल्या सरावाशिवाय पडत नाही. चेंबरमध्ये गोळी असताना अंगठ्याने हॅमर हळूच खाली सोडायची सवय लावून घेऊ नका. अंगठा निसटला की गोळी सुटते.

ग्लॉकला बाहेरून लावायची सेफ्टी नाही. आतल्या तीन सेफ्ट्या पिस्तूल पडलं, आपटलं तर गोळी सुटू देत नाहीत, पण ट्रिगर दाबला गेला तर गोळी सुटणारच, मग दाबणारं बोट असो की शर्टाचं टोक. म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) हा ग्लॉकच्या किमतीचाच भाग समजा. कापडी किंवा मऊ चामड्याचं नको, त्याची कड आत दुमडून ट्रिगरमध्ये शिरते. जॅकेटची दोरी, शर्टाचं टोक बाजूला करून, बघून, सावकाश आत घालायचं. ट्रिगरचं वजन साडेपाच पौंडांच्या आसपास, सुरुवातीची थोडी मोकळी चाल, मग भिंत लागते आणि मग तो सुटतो. १९११ इतका सुबक नाही, पण पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत तसाच.

घरात मुलं असतील तर यातली कुठलीच सेफ्टी मुलांपासून रक्षण करत नाही. कुलूपबंद पेटी लागतेच, आणि पेटीचे पैसे पिस्तुलाआधी बाजूला काढा.

काय बिघडतं आणि का

१९११ मुळात २३० ग्रेनच्या गोल नाकाच्या गोळीसाठी घडवलेलं. आखूड, रुंद तोंडाची हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली) गोळी जुन्या किंवा स्वस्त मॉडेलमध्ये फीड रॅम्पवर (गोळीला चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) अडते. गोळी अडली की लोक लगेच रॅम्प घासायला घेतात, ते करू नका. चुकीच्या कोनात घासलेली फ्रेम पुन्हा भरून निघत नाही. आधी मॅगझिन बदला. अडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण वाकलेले फीड लिप्स (मॅगझिनच्या तोंडाच्या कडा) किंवा थकलेली मॅगझिन स्प्रिंग हेच असतं. मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा, बघा. तो स्प्रिंग स्टीलचा एकसंध दांडा आहे, आणि त्याचा ताण हाताने जुळवलेला असतो. नळी काढून स्लाइडमध्ये डमी (बिनदारूचं) काडतूस खालून एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा. काडतूस धरून राहिलं तर ताण ठीक, लगेच पडलं तर सैल. चेंबरमध्ये सुटी गोळी टाकून वर स्लाइड सोडायची सवय हा आकडा खराब करते, कारण १९११ मध्ये काडतुसाची कड मॅगझिनमधून वर येतानाच आकड्याखाली सरकायला हवी. पहिली गोळीही नेहमी मॅगझिनमधूनच भरा.

स्लाइड पूर्ण पुढे न जाता थोडी अलीकडे थांबत असेल तर रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुढे ढकलणारी) थकली आहे किंवा तेल सुकलं आहे. ५ इंची १९११ ला १६ पौंडांची स्प्रिंग असते, ती २ ते ३ हजार गोळ्यांनंतर बदलायची. ती फार महागही नसते. तेल सढळ हाताने: स्लाइडच्या रेल्सवर, नळीच्या बाहेरून बुशिंग (नळीच्या तोंडाशी असलेलं कडं) बसतं तिथे, वरच्या लॉकिंग लग्जवर (नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवणाऱ्या उंचवट्यांवर) आणि डिस्कनेक्टरवर (स्लाइड मागे असताना ट्रिगर निकामी ठेवणाऱ्या भागावर). सुटं करताना बुशिंग फिरवलं की स्प्रिंगचा प्लग जोरात उडतो, म्हणून तळव्याने दाबून धरा आणि चष्मा लावा. जोडताना स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवणारी कळ) फ्रेमवर घासत वर नेला तर कायमचा चरा पडतो. तो सरळ आत दाबायचा.

ग्लॉकच्या तक्रारी कमी, आणि त्यातल्या बऱ्याचशा पकडीच्या. फ्रेम पॉलिमरची (मजबूत प्लास्टिकची) आणि हलकी. मनगट ढिलं राहिलं तर फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइडचा पूर्ण फेरा होत नाही आणि रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीत उभं अडकतं. मनगट ताठ, दोन्ही हातांची पकड, बस्स. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नसेल तर पुष्कळदा अंगठा स्लाइड स्टॉपवर टेकलेला असतो. नळी पॉलिगोनल रायफलिंगची (आतून बहुकोनी पीळ असलेली) असेल तर वेष्टण नसलेल्या शुद्ध शिशाच्या गोळ्या वापरू नका. शिसं साचून दाब वाढतो. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनी हे विशेष जपावं. तेल अगदी मोजकं, पण ट्रिगर बार आणि कनेक्टर (ट्रिगरची ओढ आत पोचवणारे भाग) मागच्या उजव्या कोपऱ्यात भेटतात तिथला थेंब चुकवू नका. फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटणाऱ्या सुईच्या) भोकात तेल घालू नका, ते कचरा धरून ठेवतं. आणि सुटं करण्याआधी ट्रिगर दाबावा लागतो, ही ग्लॉकची सर्वांत धोक्याची पायरी. चेंबर न बघता ती केल्याने घरात गोळ्या सुटल्या आहेत. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, डोळ्याने आणि बोटाने तपासणी, सुरक्षित दिशा, मगच ट्रिगर.

वापरलेलं घेत असाल तर

रिकाम्या १९११ वर चार गोष्टी. हॅमर ताणून थम्ब सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात ओढून सोडा, मग सेफ्टी काढा. हॅमर पडता कामा नये. ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढा. तरीही पडू नये. स्लाइड अर्धा सेंटिमीटर मागे धरून ट्रिगर ओढा; तेव्हाही नाही. शेवटी स्लाइड पुढे असताना नळीचा मागचा माथा अंगठ्याने खाली दाबा. ती हलली तर लॉकअप, म्हणजे नळी आणि स्लाइडची घट्ट जोड, सैल आहे. यातल्या पहिल्या तीनपैकी एकही चुकली तर ते पिस्तूल तिथेच ठेवा, किंमत कितीही उतरवून दिली तरी. रिकाम्या ग्लॉकमध्ये ट्रिगर दाबून धरा, स्लाइड ओढून सोडा, मग ट्रिगर हळूहळू सोडा. 'टक्' असा रिसेट (ट्रिगर पुन्हा तयार झाल्याचा धक्का) लागला पाहिजे. ट्रिगरची मधली पाती न दाबता फक्त कडेने ओढला तर तो मागे जायला नको. आधीच्या मालकाने घरी बसवलेले हलके कनेक्टर आणि स्प्रिंगा असतील तर मूळ सुटे भाग परत बसवून घ्या.

किमतीचं: फिलिपिन्स आणि तुर्कस्तानात बनलेली साधी १९११ पाचशे डॉलरच्या आसपास सुरू होतात, हातजुळणीची कित्येक हजारांवर जातात. ग्लॉक २१ सहाशेच्या आगेमागे, आणि त्या पैशात त्याच्याइतकी खात्रीने चालणारी १९११ मिळणं कठीण. .४५ ची काडतुसं ९ मिलिमीटरपेक्षा बरीच महाग पडतात, त्यामुळे वर्षभराच्या सरावाचा खर्च धरूनच बजेट आखा.

हात पुरत असेल, घराच्या संरक्षणासाठी हवं असेल आणि दर दोन हजार गोळ्यांनी स्प्रिंगा बदलत बसायची हौस नसेल, तर आमचं मत ग्लॉक २१ ला. पंजा लहान असेल किंवा कागदावरच्या नेमाचा आनंद हवा असेल, तर १९११, पण तीन चांगल्या मॅगझिनसकट. घेतलेलं पिस्तूल भरवशाचं मानण्याआधी साध्या २०० गोळ्या आणि जी बाळगणार त्या हॉलो पॉइंटच्या किमान ५० गोळ्या एकदाही न अडता गेल्या पाहिजेत. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला क्रमांक टाका. गोळी अडली की कुठल्या मॅगझिनमध्ये ते लिहून ठेवा, म्हणजे दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा हे लगेच कळतं. आणि रेंजला (निशाणेबाजीच्या मैदानावर) नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. अस्तराच्या शिवणीत सरकलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रात दिसलं, तरी शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.