घरच्या सोड्यासाठी पहिला केग घेताना

परवान्याशिवाय घरी बिअर करणे महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा असल्यामुळे केगचा, म्हणजे पेय दाबाखाली साठवण्याच्या धातूच्या पिंपाचा, हा संच कोकम किंवा आल्याच्या सोड्यासाठीच घ्यावा. सुरुवातीला सुमारे १९ लिटरचा, स्टेनलेस स्टीलचा, वापरलेला कॉर्नेलियस केग (वर झाकण असलेले उभे पिंप) पुरतो. मात्र त्याच्या झाकणाची आणि वायू आत व पेय बाहेर नेणाऱ्या दोन्ही तोंडांची रबरी कडी नवी बसवावी, कारण जुन्या रबरात मुरलेला वास कितीही धुतले तरी जात नाही.

खरी काळजी घ्यावी ती रेग्युलेटरची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधून केगमध्ये जाणाऱ्या वायूचा दाब राखणाऱ्या झडपेची. कोल्हापुरात उद्यमनगराच्या आसपास वेल्डिंगचे सामान सहज मिळते, म्हणून तिथलाच रेग्युलेटर जोडण्याचा मोह होतो. पण त्यातील बरेचसे मिनिटाला किती लिटर वायू जातो हे दाखवतात, केगमधला दाब नव्हे, आणि आपल्याला तर थंडगार सोड्यासाठी सुमारे २ बार दाब स्थिर राखायचा असतो. कार्बन डायऑक्साइडही खाद्य दर्जाचाच मागावा. सिलिंडर नेहमी उभा, साखळीने बांधून, हवेशीर जागी ठेवावा.

केगमधून पेल्यात सोडा आणणारी नळी बारीक आणि लांब घ्यावी, नाहीतर पेल्यात नुसता फेस येतो. जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बारीकसा बुडबुडा फुगत राहिला, तर गळती तिथेच आहे.