घरातली प्रार्थना: लहान मुलांना घेऊन कौटुंबिक उपासना कशी चालवावी

आमच्या ख्रिस्ती घरी रोज प्रार्थना करायची असं ठरवून आम्ही पहिल्यांदा एकत्र बसलो, तेव्हा मी अर्ध्या तासाची तयारी केली होती. एक अख्खा अध्याय, त्यावर समजावणी, तीन गीतं आणि शेवटी लांब प्रार्थना. पाचव्या मिनिटाला धाकटा टेबलाखाली गेला. थोरली विचारू लागली, "आमेन कधी?" आणि डोळे मिटून मी म्हणत होते, "प्रभू, आमच्या मुलांना शांत बसायला शिकव." ती प्रार्थना मी देवाला नव्हे, मुलांना ऐकवत होते. हे लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या वर्षांत बरंच बदललं, पण मुळाशी बदल एकच होता. मुलांना देवासमोर बसवायचं, हा विचार सोडून मी स्वतः देवासमोर बसू लागले आणि मुलांना शेजारी जागा दिली. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

पहिली पायरी: वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधा

"रात्री नऊ वाजता" असं ठरवलं की कधी साडेनऊ होतात, कधी मूल झोपून जातं. त्यापेक्षा जे काम रोज होतंच त्याला प्रार्थना जोडावी: जेवण झाल्यावर ताटं उचलण्याआधी, किंवा अंथरुणं घातल्यावर दिवा मालवण्याआधी. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (६:७) देवाच्या वचनांविषयी मुलांशी कधी बोलायचं ते सांगितलंय: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. म्हणजे जे क्षण घरात आधीच आहेत, तेच.

किती वेळ? तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पाच मिनिटं, सात-आठ वर्षांच्या मुलासाठी दहा, फार तर पंधरा. मुलं "अजून एक गोष्ट" म्हणत असतानाच थांबलेलं बरं. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोजची सात मिनिटं मुलांच्या अंगवळणी जास्त पडतात, हा माझा पक्का अनुभव आहे.

दुसरी पायरी: कोण चालवणार ते ठरवा

वडिलांनीच चालवायला हवी, असं अनेक घरांत धरून चालतात आणि वडील कामावरून उशिरा येतात म्हणून उपासना होतच नाही. जो मोठा माणूस हजर आहे त्याने सुरू करावी. प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ साली लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाची शिकवण प्रश्नोत्तरांतून देणारं छोटं पुस्तक, लिहिली ती कुटुंबप्रमुखाने घरातल्यांना साधेपणाने शिकवावी म्हणून. पण प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाची आठवण काढतो तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो (२ तीमथ्य १:५). तीमथ्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तेव्हा जोडीदार विश्वासात नसेल किंवा मुलांना एकट्याने वाढवत असाल, तरी तुमच्या घरची उपासना अपुरी ठरत नाही.

सुझाना वेस्ली ही मेथडिस्ट ही ख्रिस्ती चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची आई. १७१२ च्या सुमारास तिचे पती दूर गेले असताना तिने रविवारी संध्याकाळी घरच्यांसाठी उपासना सुरू केली. हळूहळू शेजारीपाजारी येऊ लागले आणि संख्या दोनशेपर्यंत गेली. मला मात्र तिची दुसरी सवय जास्त भावते. आठवड्याची प्रत्येक संध्याकाळ तिने एकेका मुलाला वाटून दिली होती, जॉनची गुरुवारची. एवढ्या मोठ्या कुटुंबात तिला हे जमलं. आपल्यालाही आठवड्यातून एकदा एकेका मुलासोबत दहा मिनिटं एकट्याने बसता येईल. सगळ्यांसमोर न बोलणारं मूल तेव्हा बोलतं.

तिसरी पायरी: क्रम ठरवा आणि तोच ठेवा

गीत, वचन, थोडं बोलणं, प्रार्थना, आशीर्वाद. मोठ्यांना एकच क्रम कंटाळवाणा वाटतो. लहान मुलांना त्यातच आधार वाटतो. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की मूल स्वतःहून गीताचं पुस्तक काढून बसतं.

गीत एकच पुरे, आणि महिनाभर तेच. वाचता न येणारं मूल ऐकून पाठ करतं, म्हणून रोज नवं गीत घेतलं तर ते कायम श्रोताच राहतं. मंडळीत (चर्चमध्ये) रविवारी गायलं जाणारं गीत निवडलं तर उपासनेत मूल एकदम ओळखीने मान वर करतं. सूर लागत नाही म्हणून मोबाइलवर गाणं लावू नका. आईबाबांचा बेसूर आवाजही मुलाला पुरतो, आणि स्क्रीन आली की लक्ष तिच्याकडेच जातं. गाणं जमतच नसेल तर स्तोत्र एका आवाजात म्हणा. स्तोत्र ११७ मध्ये दोनच वचनं आहेत, स्तोत्र २३ मध्ये सहा.

चौथी पायरी: काय वाचायचं, कसं वाचायचं

इथे सर्वांत जास्त विचार करावा लागतो.

चार वर्षांच्या आतल्या मुलाला वाचून दाखवू नका, सांगा. आधी स्वतः तो भाग दोनदा वाचा, मग पवित्र शास्त्र मांडीवर उघडं ठेवून आपल्या शब्दांत गोष्ट सांगा. पुस्तक उघडं ठेवायचं, कारण ही गोष्ट आईने रचलेली नाही, इथून आलेली आहे, हे मुलाला दिसायला हवं. चित्रांचं बायबल असेल तर उत्तम, पण महिन्यातून काही वेळा मोठं पुस्तकही हातात घ्या.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी एक पुस्तक धरून सलग वाचा. सुरुवातीला मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने लिहिलेली येशूची कथा, घ्यावं: १६ अध्याय, वेगवान प्रसंग, लांब भाषणं कमी. दिवसाला आठ-दहा वचनं घेतली तर दोन-अडीच महिन्यांत पूर्ण होतं. त्यानंतर उत्पत्तीमधली योसेफाची गोष्ट, अध्याय ३७ पासून ५० पर्यंत. मधला ३८ वा सोडून द्या, तो मोठं झाल्यावर वाचण्याचा आहे. वाचता येणाऱ्या मुलाला रोज एक तरी वचन मोठ्याने वाचू द्या. अडखळलं तर थांबा, लगेच शब्द पुरवू नका. जुन्या भाषांतरातले शब्द जड जात असतील तर सोप्या भाषेतलं घ्या, पण पाठांतरासाठी एकच भाषांतर ठेवा.

एक कळकळीची विनंती. प्रत्येक गोष्टीला "म्हणून तू पण असं वाग" अशी शेपटी लावू नका. दावीद आणि गल्याथाची गोष्ट सांगून "तू पण धीट हो" म्हटलं की भित्रं मूल आणखी खचतं. दावीद तिथे काय म्हणतो ते पाहा: युद्ध परमेश्वराचे आहे. गोष्ट देवाची आहे. योना पळाला, पेत्राने नाकारलं, याकोबाने बापाला फसवलं, आणि देवाने त्यांना सोडलं नाही. चुकणाऱ्या मुलाला हे ऐकायची फार गरज असते. म्हणून आमच्या घरी वाचन झालं की पहिला प्रश्न हाच असतो: "यात देव कसा दिसला?"

दुसरा प्रश्न मुलांचा. निर्गम १२ मध्ये वल्हांडणाची (इस्राएल मिसरातून सुटल्याच्या आठवणीच्या सणाची) आज्ञा देतानाच मोशे सांगतो की मुलं याचा अर्थ विचारतील. यहोशवाने यार्देन नदीतून बारा धोंडे आणवले तेही मुलं एक दिवस "हे कशासाठी?" असं विचारतील म्हणून. प्रश्न आला की उपासना मोडत नाही, तिथेच ती सुरू होते. त्या दिवशी उरलेली वचनं राहिली तरी चालेल.

काही प्रश्न मात्र जिव्हारी लागतात. "आपण रोज प्रार्थना केली, तरी आजी का गेली?" माझ्या मुलीने हे विचारलं तेव्हा उत्तर देण्याची घाई मी केली नाही. योहान ११ काढून एकच ओळ वाचली: "येशू रडला." मेलेला मित्र लाजर याला उठवणार हे त्याला माहीत होतं, तरी कबरेजवळ तो रडला. मग आम्ही दोघीही रडलो. दुसऱ्या दिवशी स्तोत्र १३ घेतलं, ज्याच्या पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. देवाला असं विचारता येतं, हे मुलांना लहानपणीच कळू द्या. माहीत नसेल तिथे "मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू" म्हणा.

पाचवी पायरी: मुलांना स्वतःची प्रार्थना करू द्या

सुरुवातीला एका वाक्याची प्रार्थना: "प्रभू, आज ... बद्दल तुझे आभार." मूल मोकळी जागा भरतं. ते सायकलबद्दल आभार मानेल, मेलेल्या मुंगीसाठी प्रार्थना करेल. हसू नका, दुरुस्तही करू नका. ज्याचं ऐकून मोठे हसले ते मूल पुढे मोठ्याने प्रार्थना करायला कचरतं.

महिन्याभराने दुसरं वाक्य जोडा: "माझं चुकलं, मला क्षमा कर." हे आधी आपण म्हणायचं, आणि खरं म्हणायचं. आज दुपारी मी तुमच्यावर विनाकारण ओरडले, हे मुलांसमोर देवाला सांगायला जड जातं. पण क्षमा म्हणजे काय हे माझ्या मुलांना त्यातूनच कळलं. त्यांच्या चुकांची यादी मात्र प्रार्थनेत वाचू नका. इफिसकरांस पत्र ६:४ मध्ये पौल मुलांना प्रभूच्या शिक्षणात वाढवायला सांगतो, त्याच वाक्यात त्यांना चिडीस आणू नका असंही सांगतो.

मग इतरांसाठी. चिठ्ठ्यांवर नावं लिहून डब्यात ठेवा: आजारी शेजारी, शाळेतल्या बाई, पाळक, भांडण झालेला मित्र. रोज मुलाने एक चिठ्ठी काढायची आणि त्या माणसासाठी बोलायचं. एका वहीत तारीख टाकून विनंत्या लिहून ठेवा. सहा महिन्यांनी मागे वाचताना मुलं स्वतःच काय काय घडलं ते सांगू लागतात.

शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना: "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो." अर्थ कळण्याची वाट पाहू नका, तीन वर्षांचं मूल ऐकून ऐकून पाठ करतं आणि अर्थ मागून येतो. कधीतरी आठवडाभर रोज एकेका ओळीवर बोला. कॅथलिक घरांत रोझरी (माळेचे मणी धरून म्हणायची प्रार्थना) म्हणत असाल तर लहानांसोबत एकच दशक, म्हणजे दहा नमो मारिया, सावकाश म्हणावं.

चुळबुळ, रडणं, खंड

लहान मूल हलणारच. कागद आणि खडू द्या, ऐकलेल्या गोष्टीचं चित्र काढू द्या. हात गुंतले की कान मोकळे होतात. तान्हं रडलं तर एकाने ते कडेवर घेऊन फिरावं, गीत चालू ठेवावं. डोळे मिटलेच पाहिजेत अशी सक्ती नको. आणि प्रार्थनेच्या वेळी शिक्षा कधीच नको. लोक बाळकांना येशूकडे आणत होते तेव्हा शिष्यांनी त्यांना दटावलं, आणि येशू रागावला तो शिष्यांवर (मार्क १०:१३-१६). अशा संध्याकाळी माझा आवाज चढू लागला की मला हा प्रसंग आठवतो.

चार दिवस खंड पडला तर पाचव्या दिवशी काही न बोलता पुन्हा बसा. राहिलेलं भरून काढायला दुप्पट वाचू नका.

शेवटची पायरी: आशीर्वाद

उपासना संपली की प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, नाव घेऊन गणना या पुस्तकातलं ६:२४ हे वचन म्हणा: "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो." दिवस वाईट गेला असेल, मूल रुसलेलं असेल, तरी हे चुकवू नका. दहा सेकंद लागतात. आमच्याकडे आता धाकटा माझ्या डोक्यावर हात ठेवून हेच म्हणतो.

पहिल्या आठवड्याचं वाचन

आजच सुरुवात करायची असेल तर हे भाग लहान मुलांसोबत चांगले जमतात. पहिल्या दिवशी हरवलेलं मेंढरू (लूक १५:३-७). घरात एखादं खेळणं आधी लपवून ठेवा आणि मुलांना शोधू द्या. दुसऱ्या दिवशी वादळ शमवणं (मार्क ४:३५-४१), चादर धरून लाटा करता येतात. तिसऱ्या दिवशी छप्पर उघडून खाली सोडलेला पक्षाघाती (मार्क २:१-१२). चौथ्या दिवशी आंधळा बार्तीमय (मार्क १०:४६-५२), त्याची हाक मुलांना मोठ्याने मारू द्या. पाचव्या दिवशी झाडावर चढलेला जक्कय (लूक १९:१-१०). सहाव्या दिवशी पाच भाकरी आणि दोन मासळ्या देणारा मुलगा (योहान ६:१-१३). सातव्या दिवशी नवीन काही वाचू नका. यातली कुठली गोष्ट परत हवी ते मुलांना विचारा, आणि ती त्यांनाच सांगू द्या.