नावडतं मत कसं घडवावं: उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याची रीत

कोल्हापुरात एखाद्या विषयावर मत नसणं हा कमीपणा समजतात. पेठेच्या फुटबॉलवर असतं, खासबागेतल्या कुस्तीवर असतं, पांढऱ्या रश्श्यात खोबरं किती घालावं यावर तर असतंच. तसंच आमचं फॉर्म्युला वनवर. युरोपातली रेस आपल्याकडे बहुतेक वेळा संध्याकाळी साडेसहाला सुरू होते आणि रविवारी त्या वेळी मी ताईच्या घरी असतो. दाजी हॅमिल्टनचे. भाचा वेरस्टापेनचा. दाजींचा एक मित्र येतो, तो फेरारीचा. त्याला आम्ही फेरारीवालाच म्हणतो, गाडी त्याची वॅगन आर आहे. मी आता कुणाचाच नाही, म्हणून तिघांचाही मार मलाच बसतो. चारचौघांत न पटणारं बोलायचं आणि तरी पोटभर जेवूनच घरी परतायचं, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठी ही रीत.

साहित्य फार लागत नाही. शंभर पानी वही, एक निळं पेन, एक लाल पेन आणि समोर निदान एक असा माणूस, ज्याला तुमचं म्हणणं पटणार नाही पण जो उठून जाणार नाही. हा शेवटचा जिन्नस दुर्मिळ, म्हणून नात्यातलाच शोधावा.

आधी बघा की मत खरोखर नावडतं आहे का. 2021 च्या अबू धाबीचं घ्या. रेस डायरेक्टर मासीनं हॅमिल्टन आणि वेरस्टापेनच्या मधल्या पाचच गाड्यांना पुढं जाऊ दिलं, सगळ्यांना संथ ठेवणारी सेफ्टी कार आत घेतली आणि शेवटच्या लॅपवर चॅम्पियनशिप वेरस्टापेनकडे फिरली. 'मासीनं चूक केली, पण वर्षभर बघितलं तर वेरस्टापेन लायकच होता,' हे तेव्हा म्हणायला छाती लागायची. आता एफआयएच्या, म्हणजे हा खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या, स्वतःच्या अहवालातही मानवी चूक असं लिहून आलंय, आणि दाजीसुद्धा दोन मिनिटं कुरकुरून मान हलवतात. हे मत आता शिळं झालं. याच्या उलट टोकाला 'हॅमिल्टनला गाडी चालवता येत नाही' असलं काहीतरी. 105 रेस जिंकलेल्या माणसाबद्दल असं बोलणं हे मत नव्हे, ती खोड काढणं झालं. ती भाच्यानं काढावी, त्याचं वय आहे.

आता मूळ काम. ड्रायव्हर चांगला की गाडी चांगली, हा भांडणाचा सगळ्यात जुना मुद्दा, आणि तो सोडवायची रीत मला टीव्हीवर नाही, माझ्या शेडमध्ये सापडली. माझ्याकडे एकाच सीएनसीवर दोन पाळ्या चालतात. दिवसपाळीला एक पोरगा, रातपाळीला एक मामा. मशीन तेच, कास्टिंग त्याच फाउंड्रीचं, ड्रॉइंग तेच. महिन्याच्या शेवटी रिजेक्शन, म्हणजे बाद झालेले जॉब, मोजलं की कोण कसा ते कळतं. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाच्या दोन गाड्या असतात ते यासाठी नव्हे, पण आपल्याला त्याचा उपयोग होतो. कुठल्याही ड्रायव्हरबद्दल तोंड उघडण्याआधी त्याच्या सहकाऱ्याचा आकडा बघा. 2013 साली रेड बुल संघात वेटेलनं 19 पैकी 13 रेस जिंकल्या, वेबरनं त्याच गाडीत एकही नाही. म्हणून 'वेटेलचं सगळं गाडीचं' म्हणणाऱ्यांना मी इथंच थांबवतो. ते मला 2014 दाखवतात. वेबरच्या जागी आलेला रिकार्डो 238 गुण, वेटेल 167, रिकार्डोचे तीन विजय, वेटेलचा शून्य. बरोबर दाखवतात. दोन्ही पानं वहीत समोरासमोर ठेवायची.

पण एक मेख आहे. महिनाभर मी मामांना बोल लावले, मग कळलं की नवा इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी धार, नेहमी दिवसपाळीला लागतो आणि झिजलेल्यावर रात्र काढायची असते. 2010 ला सिल्व्हरस्टोनमध्ये अगदी हेच झालं. रेड बुलचे नव्या धर्तीचे पुढचे पंख दोनच होते. वेटेलचा सरावात बिघडला, तेव्हा वेबरच्या गाडीचा काढून वेटेलला लावला. वेबर चिडला आणि रेस जिंकला. रेडिओवर म्हणाला, दोन नंबरच्या ड्रायव्हरच्या मानानं वाईट नाही! तेव्हा रिजेक्शन मोजताना इन्सर्ट कुणाला मिळाला हेही विचारा. ते आकड्यांच्या तक्त्यात नसतं.

आणि बेरजेवर तर मुळीच विसंबू नका. 2010 ते 2012 अशी तीन वर्षं बटन आणि हॅमिल्टन मॅक्लारेनमध्ये एकत्र होते. एकूण गुण: बटन 672, हॅमिल्टन 657. हे मी एकदा दाजींसमोर टाकलं आणि मला वाटलं जाळ काढला. दाजी शांतपणे म्हणाले, ''वर्षवार सांगा की.'' वर्षवार बघितलं तर 2010 ला हॅमिल्टन पुढं, 2012 ला हॅमिल्टन पुढं, मधलं एकच वर्ष बटनचं. त्यात 2012 ला सिंगापूरला पुढं असताना हॅमिल्टनचा गिअरबॉक्स गेला, अबू धाबीलाही पुढं असतानाच गाडी बंद पडली. माझा आकडा खरा होता, मत कच्चं होतं. दाजींना 'तुम्ही' म्हणतच हरावं लागतं, ते वेगळं.

इथवर सगळी नुसती तयारी. खरं नावडतं मत मी आपल्या माणसाबद्दलचंच धरतो. दुसऱ्याच्या लाडक्याला नावं ठेवायला काही खर्च येत नाही.

2008 ला मी फेरारीच्या फेलिपे मासाचा होतो. हंगामाची शेवटची, ब्राझीलची रेस आपल्याकडे रात्री साडेदहाला, पाऊस, आणि मध्यरात्रीनंतर मासानं रेषा ओलांडली तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. फेरारीच्या गॅरेजमध्ये उड्या सुरू झाल्या. आणि मागं, शेवटच्या वळणांवर, कोरड्या टायरवर घसरणाऱ्या ग्लॉकला हॅमिल्टननं गाठलं. 98 विरुद्ध 97, चॅम्पियनशिप एका गुणानं हॅमिल्टनची. मी टीव्ही बंद केला आणि जेवलो नाही. पुढं सिंगापूरची भानगड उघडी पडली. त्याच हंगामात रेनॉ संघानं आपल्याच ड्रायव्हरला, पिकेला, मुद्दाम भिंतीवर गाडी घालायला लावली होती आणि त्या गोंधळात पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरून, सुरू करून पुढं चाललेल्या मासाची रेस गेली. माझं दुःख एकदम कायदेशीर झालं! मासानं तर 2024 मध्ये लंडनच्या न्यायालयात दावाही लावला. फेरारीवाला आजही सिंगापूरचं नाव काढलं की हातातला वडा खाली ठेवतो.

मी वही काढली ती याच्यासाठी. डाव्या पानावर मासाचं काय गेलं, उजव्यावर काय मिळालं. डावीकडे हंगेरी: पुढं असताना तीन लॅप बाकी आणि इंजिन फुटलं, दहा गुण गेले. सिंगापूरही डावीकडेच लिहायला घेतलं, आणि पेन थांबलं. पिकेच्या अपघातानंतर मासा पिटमध्ये आला तो पुढंच होता. गाडी कधी सोडायची हे सांगायला फेरारी तेव्हा लॉलीपॉपसारखी पाटी धरणाऱ्या माणसाऐवजी दिवे वापरत होती. हिरवा दिवा वेळेआधी लागला, इंधनाची नळी गाडीला तशीच, आणि मासा ती ओढत पिट लेनच्या टोकापर्यंत गेला. शेवटी तेरावा. अपघात रेनॉचा, पण दिवा फेरारीचा. आमच्याकडे वीज गेल्यामुळं जॉब बिघडला तर गोष्ट वेगळी, वीज आल्यावर ऑपरेटरनं चक न आवळता मशीन चालू केलं तर वेगळी.

उजवं पान तर कुणी उघडतच नाही. बेल्जियममध्ये रेषा आधी हॅमिल्टननं ओलांडली, नंतर त्याला 25 सेकंदांची शिक्षा झाली. मासाचे आठचे दहा झाले, हॅमिल्टनचे दहाचे सहा. चीनमध्ये सहकारी रायकोनेननं मासाला पुढं सोडलं, आणखी दोन गुण. मग तिसरं पान घातलं, स्वतःच्या हातानं केलेलं. मलेशियात दुसऱ्या क्रमांकावर असताना एकट्यानं घसरून बाहेर. सिल्व्हरस्टोनच्या पावसात पाच गिरक्या, तेरावा, आणि त्याच पावसात हॅमिल्टन मिनिटभराहून जास्त अंतरानं जिंकलेला.

तेव्हा माझं मत असं: मासाची चॅम्पियनशिप सिंगापूरच्या कटानं नेली नाही. ती हंगेरीत फेरारीच्या इंजिननं, सिंगापुरात फेरारीच्या दिव्यानं आणि सिल्व्हरस्टोनला मासाच्या स्वतःच्या पाच गिरक्यांनी नेली. कट घाणेरडा होता, त्याची शिक्षा व्हायलाच हवी होती, पण तो हिशेब वेगळा. फेरारीवाल्याचं उत्तरही वहीत लिहिलेलं आहे, कारण ते वजनदार आहे: ''अपघात झालाच नसता तर सगळ्यांनी एकदम पिटमध्ये धाव घेतलीच नसती भावा, आणि त्या घाईत दिवा चुकला नसता.'' याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. समोरच्याचं सगळ्यात भारी उत्तर आपल्याच अक्षरात लिहून ठेवायचं. नाहीतर दर वर्षी तेच भांडण नव्यानं करावं लागतं.

आपल्या देशाच्या माणसांनाही हीच फूटपट्टी लावायची, आणि तिथं जास्त बोचतं. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन 2005 ला इंडियानापोलिसमध्ये चौथा आला. मिशेलिनचे टायर तिथल्या कललेल्या वळणावर धोक्याचे निघाल्यानं ते लावलेल्या 14 गाड्या रेसआधीच्या फॉर्मेशन लॅपनंतर आत गेल्या, सहाच धावल्या. लोक 'सहाच गाड्या होत्या' म्हणून टिंगल करतात. मला ती टिंगल चुकीची वाटते. उरलेल्यांनी यायचं की नाही हे त्याच्या हातात नव्हतं. विचारायचंच असेल तर हे विचारा, की तिसरा कोण आला? मोंतेरो. त्याचाच सहकारी, तशीच जॉर्डन संघाची गाडी.

ती जॉर्डन पुढं हात बदलत फोर्स इंडिया झाली. 2011 ला बुद्ध सर्किटवर मी तिरंग्याच्या रंगातली ती गाडी बघून ओरडलो होतो, ते खोटं नाही. पण हा संघ भारतीय आहे असं मला कधी वाटलं नाही. मालक आपला, कारखाना सिल्व्हरस्टोनचा, आणि रेसमध्ये भारतीय ड्रायव्हर एकदाही बसवला नाही. त्या पहिल्या इंडियन ग्रां प्रीत कार्तिकेयन होता तो एचआरटी या दुसऱ्याच संघात. त्याच वर्षी फोर्स इंडियानं देशभरातून पोरं निवडली, त्यात मुंबईचा जेहान दारूवाला होता. तो फॉर्म्युला टूपर्यंत, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीपर्यंत, जाऊन रेस जिंकला, वरची खुर्ची मिळाली नाही. एवढं बोलून झालं की दाजी विचारतात, ''म्हणजे संघ वाईट?'' तर नाही. माझ्या वहीत त्या दशकातला सगळ्यात हुशार संघ तोच. मोठ्या संघांच्या निम्म्याहून कमी माणसांत 2016 आणि 2017, दोन्ही वर्षी चौथा क्रमांक. 2018 ला पैसे संपले, मालक बदलला, नाव बदललं, आणि तीच माणसं 2020 ला बहारीनच्या साखीरमध्ये पेरेझला पहिल्या लॅपनंतर शेवटून उचलून जिंकवून गेली. अभिमान बाळगायचा तर त्या इंग्रज फिटरांचा बाळगा, असं म्हटलं की खोलीत शांतता होते.

बोलायची वेळ हेही एक कसब आहे. सेफ्टी कार आली की बोलावं, तेव्हा सगळे मोकळे असतात आणि ताई चहा आणते. शेवटच्या दहा लॅपमध्ये गप्प. फेरारीनं पिट स्टॉपचा घोळ घातल्यावर तर अर्धा तास गप्प, तिथं मत मांडणं म्हणजे तेराव्यालाच वाटणीची भाषा काढणं. दाजींच्या घरात दाजींच्या ड्रायव्हरबद्दल एका रेसला एकच मत, आणि तेही जेवण वाढून झाल्यावर.

एक अट मात्र सोडू नका. मताखाली तारीख घाला आणि ते कधी खोटं ठरेल तेही लिहा. 2021 ला रशियातल्या सोचीत मॅक्लारेनचा नॉरिस आपल्या पहिल्या पोलवरून जिंकत आला होता. शेवटच्या काही लॅपमध्ये पाऊस आला, हा पिटमध्ये यायला तयार होईना, घसरला आणि सातवा झाला. हॅमिल्टननं तिथं शंभरावी रेस जिंकली. मी त्याच रात्री लिहिलं: 'या पोराचं शेवटच्या क्षणी काळीज हलतं. हा चॅम्पियन होणार नाही. झालाच तर सगळ्यांना मटण माझ्याकडून.' चार वर्षं हे मत मी मिरवलं.

डिसेंबर 2025, अबू धाबी. वेरस्टापेन जिंकला, नॉरिस तिसरा, आणि तेवढ्यानं झालं. 423 विरुद्ध 421, नॉरिस चॅम्पियन. भाचा हरला होता तरी सगळ्यात आधी तोच उठला. कपाटावरची वही काढली, ते पान उघडलं आणि लाल पेन माझ्या हातात दिलं. मी रेघ मारली. फेरारीवाल्यानं तेवढ्यात फोन लावून पाच ताटं सांगितली होती, आणि तांबडा रस्सा जादा.