धिंगरीच्या बुरशीकडून तान्ह्या पोळ्याचा नंदी करून घेताना या चुका टाळा

सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) आणि धिंगरी अळिंबीचं बियाणं एकत्र केलं, की पांढरं कवकजाळ, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचं जाळं, कुटाराचे तुकडे एकमेकांना बांधून टाकतं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, विदर्भातली मुलं मिरवतात तो छोटा नंदी असाही करता येतो. साचा आपला, बांधणी बुरशीची. बहुतेक नंदी बिघडतात ते मातीच्या मूर्तीच्या सवयी इथे आणल्यामुळे.

पोळा तोंडावर आल्यावर सुरुवात करणे. श्रावणातल्या दमट हवेत ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी धिंगरीच्या आधी कुटार बळकावते. धिंगरीला साधारण २० ते २८ अंश तापमान मानवतं, म्हणून नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वाढवा आणि सुकवून ठेवा. कडाक्याच्या थंडीत वाढ रेंगाळते. पिशव्या आतल्या खोलीत, थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. एप्रिल-मेच्या वाटेला जाऊच नका.

कुटार चिंब ठेवणे. ८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवा, निथळा, पूर्ण गार होऊ द्या. मुठीत घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर आत हवा उरत नाही, जिवाणू माजतात आणि आंबूस वास सुटतो. कोमट कुटारात बियाणं घालण्याची घाईही नको, ते मरतं. ओल्या १ किलोला ५० ते ८० ग्रॅम बियाणं घ्या. शेतकरी यापेक्षा कमी वापरतात, पण इथे ताबा लवकर मिळायला हवा.

कच्चं मिश्रण थेट साच्यात भरणे. सगळ्यात जास्त नंदी इथेच जातात. आधी भोकं पाडलेल्या पिशवीत मिश्रण पूर्ण पांढरं होऊ द्या. दोन ते तीन आठवडे लागतात. मग धुतलेल्या, स्पिरिटने पुसलेल्या हातांनी ते कुस्करा, किलोमागे एक मोठा चमचा गव्हाचं पीठ मिसळा आणि साच्यात दाबून भरा. तुटलेले धागे चार-सहा दिवसांत पुन्हा जुळतात. पीठ पहिल्याच दिवशी घातलं तर आयती मेजवानी ट्रायकोडर्माला.

साचा प्लास्टिकचा घ्या, त्याला भोकं पाडा. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा मिश्रणातलं पाणी ओढतो आणि कडा कोरड्या, भुसभुशीत राहतात. पाय २ सेंटिमीटरपेक्षा बारीक नकोत. आत गरम पाण्यातून काढलेली बांबूची कमची घाला, बुरशी तिलाही धरते. पोट १० सेंटिमीटरपेक्षा जाड झालं तर आतली ऊब वाढते आणि मध्यभाग मरतो. साच्यातून काढल्यावर दोन दिवस सैल पिशवीत ठेवा, वर मऊ पांढरी साय धरते. डाग हिरवा दिसला तर खरवडत बसू नका, पिशवी बंद करून घराबाहेर काढा.

अळिंबी उगवू देणे. वशिंडावर छत्र्या फुटलेला नंदी देखणा दिसतो, हे खरं. चीर द्याल तिथे त्या बहुधा फुटतातही. पण बीजाणू श्वासात जाऊन खोकला, दमा उठू शकतो. हौस असेल तर अंगणात करा आणि छत्री सपाट होण्याआधी कापा.

अर्धवट सुकवणे. नुसत्या उन्हावर विसंबू नका. ओव्हनमध्ये ६० ते ८० अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. १ किलोचा नंदी ३५०-४०० ग्रॅमवर येतो. पावसाळ्यासाठी शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या वार्निशचे, दोन पातळ हात द्या (लाखेच्या किड्याचाही त्यात वाटा आलाच). ओल राहिलेल्या नंदीवर शेलॅक मारलं, तर ती आतच कोंडते आणि पोट कुजतं.