डेस्कटॉप सुरूच होत नाही? दुकानात नेण्याआधी घरी एवढं तपासा

कोल्हापुरात पावसाळा लागला की लाईट सारखी जाते-येते, आणि एखाद्या दिवशी ती परत आल्यावर कॉम्प्युटर मात्र सुरू होत नाही. लगेच ‘मदरबोर्ड गेला’ असं धरून खर्चाचा आकडा मनात मांडू नका. बिघाड शोधायचा तो भिंतीतल्या बोर्डापासून आत, एक-एक टप्पा करत. मधला टप्पा वगळला की चांगला पार्ट बदलला जातो आणि पैसे वाया जातात.

एक अपवाद आधीच सांगतो. पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडे शिरतं तेव्हा तळमजल्यावरचे कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचे डबे, भिजतात. कॅबिनेटमध्ये पाणी गेलं असेल, तर ‘बघू तरी’ म्हणून बटण दाबू नका. मेन स्विच बंद करा, केबल काढा आणि मशीन तसंच दुरुस्तीला न्या. पुराचं पाणी वाळलं तरी आतला गाळ मागे राहतो आणि वीज देताच शॉर्ट होतं.

आता कोरड्या मशीनकडे वळू. बटण दाबल्यावर पंखा फिरतो का, एखादा दिवा लागतो का, ते नीट बघा. पंखा फिरतोय आणि फक्त स्क्रीन काळी आहे, तर वीज आत पोचते आहे. तेव्हा मॉनिटर, त्याची केबल आणि रॅम (मदरबोर्डवरची मेमरीची पट्टी) बघायची. काहीच हालचाल नसेल तर मात्र सुरुवात भिंतीतल्या बोर्डापासून.

त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून बघा. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका: न्यूट्रल तुटलेली असली तरी फेजमुळे टेस्टर पेटतो, पण कॉम्प्युटर चालत नाही. यूपीएस असेल तर तो काढून केबल थेट भिंतीला लावा. बॅटरी संपलेले बरेच यूपीएस लाईट असूनही पुढे वीज देत नाहीत. मग पॉवरची केबल बदला; मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा कॅबिनेटलाही बसते. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) छोटा स्विच असतो, त्याची उभ्या रेघेची बाजू दाबलेली हवी. झाडलोट करताना तो सहज बंद होतो. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा सरकता स्विचही असतो. तो २३० वरच असायला हवा. ११५ वर ठेवून आपली वीज दिली तर एसएमपीएस जळतो.

हे सगळं ठीक असेल तर केबल काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पाचेक मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. व्होल्टेज वरखाली झालं की एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. साठलेली वीज निघून गेल्यावर तो कधी कधी सुरळीत चालू लागतो.

तरीही नाही? मग केबल काढलेलीच ठेवून कॅबिनेट उघडा आणि आधी त्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. मदरबोर्डचा २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा छोटा, दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. पुढचं बटणच खराब झालंय का, हे बघायची सोपी युक्ती आहे: पॉवर बटणाच्या वायरच्या जागी रिसेट बटणाची वायर लावा, केबल जोडा आणि रिसेट दाबा. मशीन सुरू झालं तर दोष बटणात आहे आणि मदरबोर्ड ठणठणीत आहे.

पुढची पायरी रॅमची. पुन्हा केबल काढा, रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि एकच रॅम बसवून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत हे फार वेळा कामी येतं. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर कुठेतरी शॉर्ट असू शकतो. ग्राफिक कार्ड, हार्ड डिस्क, यूएसबीची सगळी उपकरणं काढा, मशीन चालू करून बघा आणि एक-एक परत जोडा. प्रत्येक वेळी आधी केबल काढायची.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर मोठ्या कनेक्टरमधली जांभळी वायर तपासा. मशीन बंद असतानाही, केबल जोडलेली असली की तिच्यावर काळ्या वायरच्या तुलनेत ५ व्होल्ट मिळायला हवेत. ते नसतील तर बहुतेक एसएमपीएस गेला. काही एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे अंदाजाने हात घालू नका.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीच उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये केबल काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पेठांमधल्या जुन्या घरांत तर हे आधी बघावं.

दुकानात न्यायची वेळ आलीच, तर काय काय तपासलं ते सांगा आणि दुसरा चालू एसएमपीएस लावून समोरच बघायला सांगा. तेवढ्यानं निदान बहुतेक वेळा होतं. फोटो, हिशेब आणि बाकी सगळं हार्ड डिस्कमध्ये असतं. कॉम्प्युटर सुरू न होण्यानं ते सहसा पुसलं जात नाही. त्यामुळे जमत असेल तर नेण्याआधी हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा, वीज-दुरुस्तीसाठी तिची गरज लागत नाही.